पूर ओसरल्यानंतर कला कशी सावरते? चिक्कडपल्लीचा धडा

हैदराबादला जाणारा पर्यटक चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय पाहून परततो. चिक्कडपल्लीला तो सहसा जात नाही. संध्याकाळी गाणे, नृत्य, नाटक किंवा व्याख्यान ऐकण्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या हैदराबादकराला मात्र हा भाग चांगला परिचयाचा असतो. त्यागराय गानसभेचे सभागृह येथेच आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सदैव गजबजलेले शहर मध्यवर्ती ग्रंथालय येथून हाकेच्या अंतरावर आहे. तेलुगू चित्रपटांच्या पहिल्या खेळासाठी प्रसिद्ध असलेला आरटीसी चौरस्ता पलीकडेच येतो आणि लगतच्या बागलिंगमपल्लीत सुंदरय्या विज्ञान केंद्राची इमारत उभी आहे.

२४ ऑगस्ट २००० रोजी शहराच्या या पट्ट्यातील सखल वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. विज्ञान केंद्राच्या तळघरातील ग्रंथसंग्रह त्यात भिजला. पूर ओसरल्यावर रस्ते धुतले गेले, दुकाने उघडली, सभागृहांतील कार्यक्रमही कालांतराने सुरू झाले. भिजलेल्या ग्रंथांना मात्र पूर्ववत होण्याचा असा सोपा मार्ग नव्हता.

आपत्तीनंतर एखादा कलासमाज सावरला असे केव्हा म्हणायचे, त्याचा सोहळा कशासाठी करायचा आणि कलेतले काय आपोआप परत येते व काय कधीच येत नाही, हे समजून घेण्यासाठी चिक्कडपल्लीचा हा परिसर उपयुक्त ठरतो. नदीकाठी आणि समुद्रकाठी वसलेल्या गोव्यालाही हा प्रश्न परका नाही.

तलावाचे पाणी वस्तीत कसे आले?

चिक्कडपल्लीच्या पश्चिमेला, फार दूर नाही, हुसेन सागर आहे. कुतुबशाहीच्या काळात, १५६२ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे जादा पाणी एका नाल्यातून मुसी नदीकडे जाते. तलावाच्या बांधापासून निघालेला हा नाला कवाडीगुडा, दोमलगुडा, अशोकनगर, बागलिंगमपल्ली आणि नल्लाकुंटा अशा दाट वस्त्यांमधून अंबरपेठेच्या बाजूला उतरतो. म्हणजे चिक्कडपल्लीचा परिसर तलावाच्या खालच्या अंगाला आणि पाण्याच्या वाटेवरच वसलेला आहे.

शहर लहान होते तेव्हा या वाटेला भरपूर रुंदी होती. वस्ती वाढत गेली तशी नाल्याच्या काठावर घरे उभी राहिली, पात्र आकुंचले, त्यात कचरा व गाळ साठला. २००० च्या ऑगस्टमध्ये २४ तासांत सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस झाला. एरवी संपूर्ण महिन्यात पडेल त्याहून अधिक पाणी एका दिवसात आले. तलाव भरला, जादा पाणी नाल्यात सोडावे लागले आणि आकुंचलेल्या नाल्याला ते पेलवले नाही. त्यानंतर शहरातील नाल्यांचा अभ्यास करण्याचे काम किर्लोस्कर सल्लागारांकडे देण्यात आले. त्यांच्या २००३ च्या अहवालाचा हवाला हैदराबादेत प्रत्येक मोठ्या पावसानंतर आजही दिला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये शहर पुन्हा जलमय झाले तेव्हाही तो दिला गेला.

या साऱ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पाऊस निसर्गाने दिला. ते पाणी कोणाच्या दारात थांबेल हे मात्र शहराच्या रचनेने आधीच ठरवून ठेवले होते.

तळघरातला संग्रह

सुंदरय्या विज्ञान केंद्र हे कम्युनिस्ट नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या यांच्या नावाने उभे राहिले. सुंदरय्यांचे निधन १९८५ मध्ये झाले. त्यांचा वैयक्तिक ग्रंथसंग्रह हा या केंद्राच्या ग्रंथालयाचा पाया. पुढे त्यात एका फार वेगळ्या संग्रहाची भर पडली. हैदराबादचे संग्राहक अब्दुस समद खान यांनी आयुष्यभर जमवलेली उर्दू पुस्तके आणि नियतकालिके येथे आली. उर्दूतील जुनी मासिके, वृत्तपत्रे, कवितासंग्रह आणि शिळाछापाची पुस्तके अशी ही दुर्मीळ सामग्री होती. शिकागो विद्यापीठाच्या पुढाकाराने अमेरिकेतील काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी हा संग्रह जतन करण्यासाठी साहाय्य केले. तो भारतातच, हैदराबादेतच राहावा आणि त्याच्या सूक्ष्मपटांच्या प्रती अभ्यासकांना मिळाव्यात, अशी ही योजना होती. मद्रासच्या रोजा मुत्तय्या ग्रंथालयाबाबत याच विद्यापीठाने अशीच वाट आधी चोखाळली होती.

दुर्मीळ ग्रंथ तळघरात ठेवण्यामागे बहुतेक ठिकाणी एक साधे तर्कशास्त्र असते. वरच्या मजल्यांवर वाचक बसतात, सभागृहे असतात. पुस्तकांचे वजन फार, ते खालीच बरे. तळघरात ऊन पोहोचत नाही, वर्दळ नसते. कागदाला ऊन आणि वर्दळ दोन्ही घातक, तेव्हा ही जागा सुरक्षितच वाटते. अडचण एवढीच, की सर्वांत आधी पाणी तेथेच भरते आणि सर्वांत शेवटी तेथूनच निघते.

भिजलेल्या ग्रंथाचे काय होते?

कागद हा मुळात वनस्पतींच्या तंतूंचा थर आहे. पाणी शोषताच तो फुगतो. कपाटात दाटीने लावलेली पुस्तके इतकी फुगतात की फळ्यांना तडे जातात आणि एकही पुस्तक ओढून काढता येत नाही. पाण्यात विरघळणारी शाई पसरते. गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदाची पाने एकमेकांना चिकटतात. अशी पाने एकदा वाळली की त्यांची वीट होते. खळ आणि सरस सुटल्याने बांधणी निखळते. पुराचे पाणी स्वच्छ नसल्याने चिखल, तेल आणि सांडपाणी तंतूंत जाऊन बसते.

खरा शत्रू त्यानंतर येतो. उबदार, दमट हवेत साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी दिसू लागते. ऑगस्टमधील हैदराबाद किंवा जुलैमधील पणजी, दोन्हीकडची हवा बुरशीला मानवणारीच. म्हणून पहिले दोन दिवस निर्णायक ठरतात. नेमके याच दोन दिवसांत वीज नसते, रस्ते बंद असतात आणि कर्मचाऱ्यांची स्वतःची घरेही पाण्यात असतात.

या दोन दिवसांत काय करावे याचे ज्ञान जगाला एका मोठ्या आपत्तीतून मिळाले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीला पूर आला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व नियतकालिके चिखलात गेली. चिमाब्युए या १३व्या शतकातील चित्रकाराच्या क्रूसावरील रंगाचा मोठा भाग पाण्यात वाहून गेला. देशोदेशींचे तरुण साखळी करून तळघरातून एकेक ग्रंथ हातोहात वर देत राहिले. त्यांना ‘चिखलातले देवदूत’ हे नाव पडले. तंबाखू सुकवण्याच्या कोठारांत पुस्तके वाळवली गेली. पानांमध्ये टिपकागद घालणे, तो वारंवार बदलणे, बांधणी सोडवून पान न् पान धुणे, ही कामे वर्षानुवर्षे चालली. आधुनिक ग्रंथसंवर्धनाची शास्त्रशुद्ध बैठक बऱ्याच अंशी याच अनुभवातून तयार झाली.

त्या अनुभवाचे सार सामान्य ग्रंथपालालाही उपयोगी पडेल असे आहे. भिजलेले पुस्तक उघडण्याची घाई करू नये. मिटलेल्या स्थितीतच ते स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन चिखल काढावा. कडक उन्हात ठेवू नये. कागद वेडावाकडा होतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, पुस्तक उभे करून पाने किंचित विलग ठेवावीत. एकाच वेळी शेकडो पुस्तके भिजली असतील आणि तेवढे हात नसतील, तर ती गोठवावीत. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, शाई आणखी पसरत नाही. सवडीने थोडी थोडी बाहेर काढून वाळवता येतात. मासळी किंवा फळे साठवणारे शीतगृह अशा वेळी ग्रंथालयाचे प्राण वाचवू शकते. मासळीच्या व्यवसायामुळे गोव्यात अशी शीतगृहे ठिकठिकाणी आहेत, ही जमेची बाजू.

गळ्यातली कला

ग्रंथांच्या या हालांच्या शेजारी त्यागराय गानसभेचे उदाहरण ठेवले की चित्र पालटते. १९६०च्या दशकात स्थापन झालेली ही सभा ज्यांच्या नावाने चालते, ते संत-संगीतकार त्यागराज (१७६७–१८४७) तमिळ प्रदेशात, कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे राहिले आणि रचना मुख्यतः तेलुगूत केल्या. मराठी वाचकाला त्यांचा काळ जवळचा वाटावा असा आहे. तंजावरवर तेव्हा भोसले घराण्याची सत्ता होती आणि विद्या-कलांचे आश्रयदाते म्हणून ख्यात असलेले सरफोजीराजे (दुसरे) हे त्यागराजांचे समकालीन. राजदरबाराचे निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, अशी कथा दक्षिणेत घरोघरी सांगितली जाते.

दरबार नाकारल्यामुळे त्यागराजांच्या रचना कोणत्याही एका राजग्रंथालयात बंदिस्त झाल्या नाहीत. त्या शिष्यांच्या गळ्यात राहिल्या. वालाजापेठ, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम या गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन शिष्यपरंपरांनी त्या पुढे नेल्या. शिष्यांनी काही रचना हस्तलिखितांतही उतरवल्या. परंपरागणिक चालींत थोडाफार फरक पडला. त्यालाच तेथे ‘पाठांतर’ म्हणतात. आज त्यागराजांच्या सुमारे ७०० रचना उपलब्ध मानल्या जातात. त्या टिकल्या याचे मोठे कारण त्या एका ठिकाणी नव्हत्या, हेच.

दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यागराजांची आराधना होते. तिरुवैयारूत कावेरीकाठी आणि देशात जेथे जेथे कर्नाटक संगीताचे श्रोते आहेत तेथे त्या दिवसांत गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पाच मोठ्या कृती समूहाने म्हणतात. नामवंत गायक आणि काल शिकायला लागलेली मुलगी एकाच रांगेत बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा भक्तिसोहळा वाटतो आणि तो तसा आहेच. पण या सोहळ्यात आणखी एक काम नकळत पार पडते. शेकडो जणांच्या स्मरणात एकच संहिता पुन्हा ताजी होते. कोणाचा एखादा शब्द निसटला असेल तर तो शेजाऱ्याच्या तोंडून परत मिळतो. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर ही वार्षिक पडताळणीच होय.

सभागृह भिजले तर गाणे शेजारच्या मंगल कार्यालयात, देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर होऊ शकते. म्हणून पुरानंतर सर्वांत लवकर उभे राहते ते गाणेच. नाटकाला थोडा वेळ लागतो. त्याला नेपथ्य, कपडेपट आणि दिवे लागतात. कागद, चित्र आणि वाद्य यांना सर्वाधिक वेळ लागतो, आणि त्यांतले काही कधीच परत येत नाही.

वाद्यांची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तंबोऱ्याचा भोपळा पाण्याने मऊ पडतो, सरसाचे सांधे उकलतात. तबल्याची आणि मृदंगाची पुडी ढिली होते; शाई निघून जाते. पेटीतील सूर गंजतात, भात्याचा कागद कुजतो. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणारे कारागीर ज्या भोपळ्यांवर अवलंबून असतात, ते भीमाकाठच्या पंढरपूर परिसरातील शेतांतून येतात. अतिवृष्टीने तेथील वेल गेला की त्याची झळ गायकाला बऱ्याच उशिरा लागते. मैफलीच्या जाहिरातीत या शेतकऱ्याचे नाव कुठेच नसते.

मुसीचा पूर आणि एक कवी

हैदराबादच्या कलाजीवनावर पुराने उमटवलेली सर्वांत खोल खूण याहून जुनी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. शहराची घडी विस्कटली. मराठी समाजाच्या विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुरानंतर निजाम सरकारने अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या सूचनांनुसार मुसी आणि ईसी या नद्यांवर जलाशय बांधण्यात आले. उस्मान सागर १९२० मध्ये आणि हिमायत सागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. शहराच्या सुधारणेसाठी १९१२ मध्ये नगरसुधार मंडळही स्थापन झाले.

या पुरात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. एकटे अमजद वाचले. पुढे त्यांनी त्या पुरावर दीर्घ कविता लिहिली आणि रुबाई या चार ओळींच्या रचनाप्रकारातले थोर कवी म्हणून ते ओळखले जाऊ लागले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने त्या दिवशी सुमारे दीडशे जणांना आपल्या फांद्यांवर आधार दिला होता. आजही २८ सप्टेंबरला त्या झाडाखाली जमून नागरिक मृतांचे स्मरण करतात.

अभियंत्याने धरण बांधले आणि कवीने कविता लिहिली. शहराला दोन्हींची गरज होती. धरणाने पाणी अडवले. कवितेने आणि झाडाखालच्या स्मरणाने ते पाणी कोठवर आले होते हे विसरू दिले नाही. पण कविताही शेवटी छापील पानावरच पुढच्या पिढीपर्यंत जाते. उर्दूची जुनी मासिके आणि काव्यसंग्रह जपणारा संग्रह तळघरात भिजतो तेव्हा शहराची ही स्मृतीच धोक्यात येते.

सोहळा कशासाठी?

घरेदारे वाहून गेली असताना गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करावा काय, हा प्रश्न प्रत्येक आपत्तीनंतर विचारला जातो आणि तो गैर नाही. त्याचे एक उत्तर गोव्यातच सापडते.

वास्कोचा श्री दामोदर भजनी सप्ताह गोमंतकातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. परंपरा सांगते की १९व्या शतकाच्या अखेरीस मुरगाव परिसरात साथीच्या रोगाने थैमान घातले. तेव्हा ग्रामस्थ जांबावलीला श्री दामोदराला शरण गेले. तेथून प्रसादाचे श्रीफळ आणून वास्कोत ठेवले गेले आणि अखंड भजन सुरू झाले. साथ ओसरली. त्यानंतर दर श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून, हे भजन होत आले आहे. वेगवेगळ्या समाजांचे पार निघतात, गोव्यातले आणि गोव्याबाहेरचे गायक हजेरी लावतात, फेरी भरते. आज सप्ताहाला जाणाऱ्या तरुणाच्या मनात साथीची भीती नसते. पण त्याच्या गावाने एका संकटातून बाहेर पडल्याची आठवण त्या टाळमृदंगात जिवंत आहे. सव्वाशे वर्षे टिकलेला असा स्मरणस्तंभ दगडाचा बांधून मिळाला नसता.

दुसरे उदाहरण सांगलीचे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत सादर केले. म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी गाठली आणि बाजारपेठ, घरे, ग्रंथालये पाण्याखाली गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रंगभूमी दिन आला. दिनदर्शिकेने ठरवून दिलेल्या अशा दिवसाचे मोल संकटात कळते. तो येतो तेव्हा ‘आता करायचे की नाही’ हा वाद फार चालत नाही. सभागृह झाडले जाते, खुर्च्या मांडल्या जातात, पुरात परगावी गेलेले लोक त्या निमित्ताने भेटतात. कोणाचे काय गेले आणि कोण अजून परतले नाही, हेही तेव्हाच कळते.

सोहळ्याचे काम नेमके हेच असते. आपली माणसे अजून आहेत की नाहीत याची मोजदाद तो करतो. त्यागराजांची आराधना, दामोदराचा सप्ताह आणि सांगलीचा रंगभूमी दिन यांची कुळे वेगळी असली तरी या एका बाबतीत ती सख्खी भावंडे ठरतात.

टाळ्यांमागची बाजू

तरीही सोहळ्याने एक धोका संभवतो. पडदा वर गेला, दिवे लागले, छायाचित्रे छापून आली की सारे पूर्ववत झाले असा समज होतो आणि मदतीचा ओघ आटतो. प्रत्यक्षात कलासमाज एकसारखा सावरत नाही. मुख्य गायकाला दुसऱ्या शहरात कार्यक्रम मिळतो. त्याच्या साथीदाराला, ध्वनियंत्रणा लावणाऱ्याला, कपडेपट सांभाळणाऱ्याला मिळतोच असे नाही. रद्द झालेल्या कार्यक्रमाचे मानधन त्याला कोणी देत नाही. सरकारी पंचनाम्यात घराची भिंत आणि दुकानातील माल यांना रकाना असतो. तंबोरा, पुडी, हस्तलिखित बंदिशींची वही यांना तो नसतो.

हस्तकारागिरांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील धमडका गाव उद्ध्वस्त झाले. तेथे अजरख छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांपैकी अनेकांनी भुजजवळ नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या कलेचेच नाव दिले, अजरखपूर. गाव निवडताना त्यांनी पाण्याचा विचार केला, कारण नैसर्गिक रंगांची छपाई पाण्याच्या गुणावर अवलंबून असते. केरळातील चेंदमंगलमच्या विणकरांचे ओणमसाठी तयार केलेले कापड २०१८ च्या पुरात चिखलाने माखले. जे विकणे अशक्य होते त्या कापडाच्या छोट्या बाहुल्या स्वयंसेवकांनी बनवल्या आणि त्या विक्रीतून आलेला पैसा विणकरांकडे गेला. दोन्ही ठिकाणी सावरण्याचा अर्थ उत्पन्न पुन्हा सुरू होणे असा होता. सोहळा त्यानंतरचा.

गोव्याने काय घ्यावे?

जुलै २०२१ मध्ये सत्तरी, डिचोली आणि धारबांदोडा भागांत आलेला पूर अनेक दशकांतला मोठा पूर ठरला. साखळीकरांना वाळवंटी नदीचा स्वभाव नव्याने सांगण्याची गरज नाही. पणजीतील कला अकादमी मांडवीच्या अगदी काठावर आहे. १८३२ पर्यंतची परंपरा सांगणारे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पाटो परिसरात, खाडीपासून फार दूर नाही. याशिवाय गावोगावच्या वाचनालयांत, देवस्थानांच्या कपाटांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर नाटकांच्या हस्तलिखित संहिता, कीर्तनाच्या वह्या, उत्सवांच्या जमाखर्चाची पुस्तके आणि जुन्या ध्वनिफिती पडून आहेत. त्यांतील बहुतेकांची दुसरी प्रत नाही.

हे सारे वाचवण्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिले काम म्हणजे जे दुर्मीळ आहे ते तळमजल्यावरून हलवणे. ते शक्य नसेल तर किमान सर्वांत खालची फळी रिकामी ठेवणे. दुसरे, संग्रहाची यादी करणे आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणे. काय गेले हे ठाऊक नसेल तर काय परत मिळवायचे तेही कळत नाही. तिसरे, एकमेव असलेल्या हस्तलिखितांची छायाप्रत काढणे. मोबाईलने घेतलेले छायाचित्र काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. चौथे, पहिल्या ४८ तासांत कोणाला फोन करायचा, कोणते शीतगृह जागा देईल, टिपकागद आणि पंखे कोठून येतील, याचा एक कागद दाराजवळ लावणे. पाचवे, साथीदार आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी संस्थेने आपत्तीच्या काळात देता येईल असा छोटा निधी बाजूला ठेवणे.

सहावे काम सर्वांत स्वस्त आहे आणि गोमंतकाला ते उत्तम जमते. जे गळ्यात बसू शकते ते जास्तीत जास्त गळ्यांत उतरवावे. गावच्या उत्सवातले एखादे पद फक्त एका वृद्ध भजनीबुवाला येत असेल, तर ते पदही तळघरातच ठेवलेले आहे असे समजावे. चार मुलांनी ते पाठ केले की ते वरच्या मजल्यावर गेले.

चिक्कडपल्लीत आजही संध्याकाळी गानसभेचे दिवे लागतात आणि हुसेन सागरचे जादा पाणी त्याच नाल्यातून मुसीकडे जाते. पुढचा मोठा पाऊस केव्हा येईल हे तेथे कोणी सांगू शकत नाही, आणि गोव्यातही नाही. पावसाळ्याआधी कौले शाकारण्याची रीत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच सुमारास वाचनालयाची खालची फळी रिकामी करण्याची रीतही पडायला हवी.